मधलीची गाडी

ताईने परस्पर गाडी बुक केली आहे हे मधलीला कळलं ते शोरूमच्या माणसाकडून. रविवारी सकाळी साडेनऊला त्याचा फोन आला. "अभिनंदन मॅडम, लाल रंग उपलब्ध आहे," असं तो इतक्या आनंदाने म्हणाला की मधलीला वाटलं, भलत्याच कुणाचा नंबर लागला असणार. मग त्याने तिचं पूर्ण नाव सांगितलं, पत्ता सांगितला आणि वर म्हणाला, "सीट कव्हर गडद रंगाचीच देतोय. तुमच्या ताई म्हणाल्या, तुम्ही चहा सांडता."

आता शंकेला जागाच उरली नव्हती.

ती नवऱ्याला घेऊन आईबाबांच्या घरी पोचली तेव्हा ताई आधीच येऊन बसली होती. जेवणाच्या टेबलावर गाड्यांची माहितीपत्रकं पत्ते मांडावेत तशी मांडलेली. ताईचं फरशांचं मोठं दुकान होतं. पांढरी फरशी मागायला आलेला माणूस राखाडी घेऊन जातो आणि जाताना तिचे आभार मानतो, अशी तिची ख्याती. मागच्या वर्षी बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी तिने सर्जनलासुद्धा तारीख बदलायला लावली होती.

"मला विचारायचंस तरी," मधली चपला काढता काढताच म्हणाली.

"विचारलं असतं तर तू विचार करत बसली असतीस. फ्रीज घ्यायला अकरा महिने लावलेस तू. अकरा! मध्ये अख्खा उन्हाळा येऊन गेला."

"तेव्हा आम्ही दूध रोज ताजं प्यायचो," मधलीचा नवरा म्हणाला. तो पोहायला शिकवायचा, आणि लग्नाला नऊ वर्षं होऊनही सासरची झाडून सगळी माणसं त्याला 'कोच' म्हणायची. पहाटे पाच ते नऊ तो तलावावर असायचा. म्हणजे नेमकं तेव्हाच, जेव्हा मधलीला कुणीतरी सोडायला हवं असायचं.

सगळं अडलं होतं ते त्या सकाळच्या वेळेवर. मधली कान तपासायची. लहान मुलांना ऐकू येतं की नाही, किती येतं, कोणतं यंत्र लावावं लागेल, हे पाहण्यात तिची बारा वर्षं गेली होती. तीन महिन्यांपूर्वी छत्तीस किलोमीटरवर नवं केंद्र उघडलं आणि तिला तिथली प्रमुख केलं. दोन बस आणि वर वीस मिनिटांची पायपीट. पहिली वेळ साडेआठची, कारण मुलांच्या आईबापांना पुढे कामावर पळायचं असे. या महिन्यात तिला तीनदा उशीर झाला होता. तिसऱ्या वेळी एक बाई दोन वर्षांच्या मुलीला घेऊन चाळीस मिनिटं पायरीवर बसली होती. मधली धापा टाकत पोचली तोवर पोर झोपून गेलेलं. झोपलेल्या मुलाची ती तपासणी होत नाही. बाई मुलीला खांद्यावर टाकून निघून गेली. पुन्हा आली नाही.

केंद्राच्या समितीने मग दोन मार्ग सुचवले होते. एक तर पहिली वेळ साडेनऊची करा, नाहीतर तिथेच खोली घेऊन राहा. मधलीला दोन्ही नको होतं.

"आज पाचपर्यंत होकार कळवायचाय," ताई म्हणाली. "नाहीतर लाल दुसऱ्याला जाईल. बघ, पाच वर्षांची हमी. रस्त्यात बंद पडली तर माणूस पाठवतात. सहा एअरबॅग. आणि आधी कुणाचा हात लागलेला नाही."

"फाटकातून बाहेर पडली की तीही जुनीच," कोच म्हणाला. "पोहायच्या चड्डीसारखं आहे ते. दुकानात नवी. एकदा पाण्यात उतरली की संपलं."

"कोच, तुमच्या उपमा जेवणाच्या टेबलावर नकोत."

"त्यापेक्षा दोन-चार वर्षं वापरलेली बरी. पहिला ओरखडा दुसऱ्याने पाडलेला असतो. आपण निवांत."

आई चहाचा ट्रे घेऊन आली आणि माहितीपत्रकांवरच ठेवला. "नवी की जुनी हा प्रश्नच नाही," ती म्हणाली. "ठोकलेली की न ठोकलेली, हा प्रश्न."

आईने विमा कंपनीत तेहतीस वर्षं अपघात झालेल्या गाड्यांची पाहणी केली होती. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी गल्लीत तिला अजून 'सर्व्हेअरबाई' म्हणत. जगातली प्रत्येक गाडी आज ना उद्या आपल्यासमोर चेमटून यायचीच, असा तिचा एकूण दृष्टिकोन होता. कुणी नवी गाडी दाखवायला आणली तर ती पेढीवरच्या माणसासारखा चष्मा खाली ओढून आधी दारांच्या फटी पाहायची.

"मग आई, तू माझ्या बाजूने," ताई खूश होऊन म्हणाली. "नवी म्हणजे न ठोकलेली."

"वाहून आणताना ठोकलेल्या नव्या गाड्या मी किती पाहिल्यात, सांगू?"

"नको!" तिघं एकदम म्हणाले.

तेवढ्यात बाबांनी घसा खाकरला. बाबा चित्रकलेचे शिक्षक होते. शाळेत आणि घरात दोन्हीकडे त्यांचा नियम एकच, जो शेवटी बोलेल त्याचं बरोबर. ते स्वतःहून काही मांडतील अशी कुणाची अपेक्षाच नव्हती.

"एक गाडी आहे माझ्या पाहण्यात," ते म्हणाले. "म्हणजे गुरुवारी... म्हणजे ग्रंथालयात विषय निघाला. सात वर्षांची आहे. फार फिरलेली नाही."

आईने चमचा खाली ठेवला.

बाबा दर गुरुवारी ग्रंथालयात जातात, रिकामी पिशवी घेऊन जातात आणि रिकामी घेऊन येतात, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. ग्रंथालयाच्या मागच्या बाकावर त्यांचा धाकटा भाऊ येऊन बसतो, हेही माहीत होतं. आई दर गुरुवारी संध्याकाळी विचारायची, "कोणतं पुस्तक आणलंत?" बाबा म्हणायचे, "हवं ते नव्हतं." आई म्हणायची, "बरं." नऊ वर्षं हे बिनचूक चाललं होतं.

"भाऊजींची गाडी?" आई म्हणाली.

तो शब्द नऊ वर्षांनी त्या घरात उच्चारला गेला होता. मधलीने नकळत कोचकडे पाहिलं. लग्नाच्या वर्षीच ते सगळं झालं असल्यामुळे कोचने काकांना जेमतेम दोनदा पाहिलं होतं.

काका फर्निचर बनवायचे. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने, परवाना नसताना, त्यांची तेव्हाची गाडी बाहेर काढली आणि एका गोदामाच्या भिंतीत घातली. पोराला फार लागलं नाही. काकांनी विम्याच्या अर्जावर लिहिलं, गाडी मीच चालवत होतो. अर्ज आईच्याच कचेरीत आला. आईने साहेबांना सांगितलं, हे माझे दीर आहेत, हे काम मला नको, दुसऱ्याला द्या. साहेबांनी विचारलं, तुम्हाला यातलं काही ठाऊक आहे का? आईला ठाऊक होतं. तिने सांगितलं. दावा फेटाळला गेला, वर पोलिसांत चौकशी झाली. काका दारात येऊन एवढंच म्हणाले होते, "वहिनी, तुम्ही?" आणि गेले होते. तो मुलगा आता मोठा होऊन कुठल्याशा बोटीवर इंजिनं सांभाळत होता आणि आईला दर वाढदिवसाला संदेश पाठवत होता. त्याच्या मनात काहीच राहिलं नव्हतं. राहिलं होतं ते या दोघांच्या.

"ते गाडी का विकतायत?" आईने विचारलं.

"डोळे," बाबा म्हणाले. "कडेचं दिसतं त्याला, समोरचं दिसत नाही. मधोमध डाग येतो. डॉक्टरांनी सांगितलंय, आता चालवायची नाही."

"आणि काम?"

"हाताने चाचपून करतो."

आईने कप उचलला, न पिताच खाली ठेवला. मग उठून आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर कामाचा जुना निळा कोट होता. एका खिशात टॉर्च, दुसऱ्यात फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक.

"पाहायला काही हरकत नाही," ती म्हणाली. "पण मी पाहणार. माझ्या पद्धतीने."

"आई, लाल गाडी!" ताई ओरडलीच.

"पाचपर्यंत वेळ आहे ना? आत्ता अकरा वाजतायत."

ताईने मग मधलीकडे मोर्चा वळवला. "तू बोल ना काहीतरी."

मधली खरं तर रागावलेलीच होती. पण बाबांकडे पाहिलं तर ते चक्क चपला घालून दारात उभे होते. घरातून सगळ्यात आधी बाबा बाहेर पडलेत, असं तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"पाहून तर येऊ," ती म्हणाली.

*

काकांची कार्यशाळा घराच्या मागच्या अंगाला होती. लाकडाचा भुसा, सरस, पॉलिश, सगळ्याचा मिळून एक गोडसर वास. गाडी बाहेर पत्र्याच्या छपराखाली उभी होती. करडी, अरुंद, जरा उंच, दिसायला अगदीच साधी. बाबांनी निघताना फोन केला होता, त्यामुळे काकू दारातच उभी होती, आणि तिच्या मागे काका. त्यांनी मान जरा तिरकी धरली होती. मधलीला आधी वाटलं, रागाने तोंड फिरवलंय. मग लक्षात आलं, आईचा चेहरा दिसावा म्हणून ते कडेने पाहत होते.

"या वहिनी," काका म्हणाले.

"बरे आहात, भाऊजी?"

"बरा आहे."

 काकू "पाणी आणते" म्हणून आत पळाली. बाबा एका अर्धवट खुर्चीचा पाय कौतुकाने निरखू लागले.

"गाडी पाहते," आई म्हणाली.

"पाहा ना. किल्ली लावलेलीच आहे."

आणि मग सदुसष्ट वर्षांच्या सर्व्हेअरबाईंनी काम सुरू केलं. आधी त्या गाडीभोवती नुसत्या तीन फेऱ्या मारून आल्या. मग दारांच्या फटींवरून अंगठा फिरवला. लांबी भरून रंगवलेल्या जागी चिकटत नाही म्हणून फडक्यातलं चुंबक पत्र्यावर ठिकठिकाणी टेकवून पाहिलं. पुठ्ठा मागितला, तो जमिनीवर टाकला आणि काही कळायच्या आत गाडीखाली गेल्या. बाहेर फक्त त्यांचे पाय राहिले.

"आई, गुडघे!" ताई म्हणाली.

"गुडघे माझ्याबरोबरच आहेत," खालून उत्तर आलं.

कोच हे सगळं थिएटरात बसल्यासारखं पाहत होता. "मी यांची मुलगी मागायला एकटा गेलो होतो," तो मधलीच्या कानात म्हणाला. "तेव्हा मला ही माहिती नव्हती."

आई बाहेर आली, कोट झटकला आणि खिशातली वही काढली. "ऐकायचं?"

"थांबा," काका म्हणाले. ते कार्यशाळेत गेले आणि भिंतीला टेकवलेली एक प्लायवूडची फळी उचलून आले. तिच्यावर सुताराच्या जाड पेन्सिलीने, बोटबोट उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं. समोरचं दिसत नसल्यामुळे ओळी खाली घसरत गेल्या होत्या. "घेणाऱ्याला द्यायचं म्हणून लिहून ठेवलं होतं. गाडीत जे जे वाईट आहे ते. कोण घेणार ते तेव्हा ठरलं नव्हतं."

आईने चष्मा वर केला आणि फळी उन्हाकडे धरली. मधली तिच्या खांद्यावरून वाचू लागली. पुढचा दिवा बदललेला. मागच्या डाव्या दाराची काच थंडीत अर्ध्यावर अडकते. आतून कुठूनतरी टिकटिक येते, सापडत नाही. हँडब्रेक ढिला होता, ओढून घेतला. असं करत एकूण सतरा. अकराव्या ओळीवर आईचं बोट थांबलं.

डावा पत्रा दोनदा घासला, रंगवला. गाडी मीच चालवत होतो.

आईने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. काकू पाण्याचे पेले घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

"दोन्ही वेळा?" आईने विचारलं.

"दोन्ही वेळा," काका म्हणाले. "या खेपेला खरंच."

पहिल्यांदा हसली ती काकू. मग बाबा. आई हसली नाही, पण तिने फळी खाली ठेवली ती हलकेच, काठाला धक्का लागू नये अशी. मग एकदम कामावर आली. "तुमच्यात एक नाही, भाऊजी. टायर. चारही सात वर्षांचे झालेत. नक्षी शाबूत आहे म्हणून तुम्हाला वाटलं चांगले आहेत. कडेला बारीक चिरा पडल्यात बघा. गाडी फिरली नाही तरी रबर म्हातारं होतंच."

काका खाली बसले, टायरच्या कडेवरून बोटं फिरवली. "खरं आहे," ते म्हणाले. "हाताला लागतंय. अठरा करा."

"आणि तुमच्या यादीतली ती काच मला सापडली नव्हती."

"थंडी कुठे आहे आत्ता?"

मधलीला वाटलं, ठरलं आता. तिने मनातल्या मनात लाल गाडीला निरोपसुद्धा दिला. आणि तेवढ्यात आईने वही मिटली आणि म्हणाली, "गाडी प्रामाणिक आहे. अशी जुनी गाडी शोधून सापडायची नाही. पण मला विचारशील तर तू नवी घे."

ताईने टाळी वाजवली. काकांची मान आणखी जरा तिरकी झाली.

"का?" मधली म्हणाली.

"हिच्यात दोन एअरबॅग, तिच्यात सहा. तू रोज बहात्तर किलोमीटर जाणार. बाहेरगावच्या रस्त्यावर वेगात एकमेकांवर आलेल्या गाड्या कशा दिसतात, ते तू पाहिलेलं नाहीस. मी पाहिलंय. तिथे माझी मुलगी असणार आहे." मग ती काकांकडे वळली. "भाऊजी, राग मानू नका."

"बरोबर बोलताय तुम्ही," काका म्हणाले. "माझीही पुतणीच आहे."

हे भलतंच झालं. नऊ वर्षं न बोललेली दोन माणसं पहिल्या अर्ध्या तासात एकमेकांशी सहमत झाली होती, आणि तीही मधलीच्या विरुद्ध. ताई फोन काढून शोरूमचा नंबर शोधू लागली. बाबा नियमाप्रमाणे म्हणाले, "हं, तेही खरंच आहे."

मधली सगळ्यांकडे आळीपाळीने पाहत होती. लहानपणापासून हे असंच चालत आलं होतं. ताईचं ठरायचं कारण ती मोठी, धाकटीचं ठरायचं कारण ती रडायची, आणि मधलीच्या वाट्याला जे उरेल ते यायचं. धाकटी लग्न करून दूर गेली होती आणि तिची रडायची जागा रिकामी होती. मधलीला रडता येत नव्हतं. पण प्रश्न विचारता येत होता.

"आई, तो रस्ता पाहिलायस तू?"

"कोणता?"

"मी जाते तो. ताई, तू? कोच, तू तरी आलायस का एकदा माझ्याबरोबर?"

कोच कान खाजवू लागला.

"चला मग," मधली म्हणाली. "आत्ता. याच गाडीतून. रस्ता पाहा आणि मग मला सांगा काय घ्यायचं ते."

"या टायरवर?" आई म्हणाली.

"तू सांगशील त्या वेगाने नेते."

"पन्नासच्या वर काटा गेला तर मी तिथल्या तिथे उतरेन."

"उतर. पण बस तरी."

*

गाडीत पाचच जण मावत होते. बाबा आणि काकू मागे राहिले. मधली चालवायला, तिच्या शेजारी काका, मागे आई, ताई आणि मध्ये पाय पोटाशी घेतलेला कोच. मधलीला कोचच्या पोहण्याच्या क्लबची व्हॅन चालवायची सवय होती, त्यामुळे ही गाडी हातात खेळण्यासारखी वाटली. काका आपल्याच गाडीत पहिल्यांदा डावीकडे बसले होते. त्यांचा उजवा पाय सारखा रिकाम्या जागी ब्रेक दाबत होता.

शहर संपलं आणि ताई सरसावून बसली. "आता लागेल मोठा रस्ता."

मोठा रस्ता लागला, दोन किलोमीटर चालला, आणि मधलीने गाडी डावीकडे वळवली.

"इकडे कुठे?"

"हाच रस्ता आहे."

आधी बाजार आला. टोमॅटोचे खोके, हातगाड्या आणि रस्त्याच्या मधोमध गप्पा मारत उभे असलेले दोन म्हातारे, जे हॉर्न वाजला तरी हलले नाहीत, नुसतं हात हलवून "थांब जरा" म्हणाले. मग वीटभट्ट्या. मग शाळा, मग दुसरी शाळा. गतिरोधक इतके की कोचने सोळापर्यंत मोजले आणि सोडून दिलं. प्रत्येक गतिरोधकावर त्याचं डोकं छताला लागत होतं. रेल्वेच्या फाटकापाशी दहा मिनिटं उभं राहावं लागलं. काटा एकदाही पंचेचाळीसच्या पुढे गेला नाही. जायला वाटच नव्हती.

"रोज असंच?" आईने विचारलं.

"रविवार आहे म्हणून मोकळा आहे."

पुढे कालव्यावरचा पूल लागला. जुना, दगडी, दोन्हीकडे कठडे. एका वेळी एकच गाडी जाईल एवढीच रुंदी. मधलीने गाडी सरळ धरली आणि हळूच आत घातली. ताईने तिच्या बाजूच्या कठड्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. पूल संपल्यावर एक डोळा उघडून तिने विचारलं, "ती लाल गेली असती का इथून?"

"गेली असती की," कोच म्हणाला. "आरसे अलीकडेच ठेवून."

"आणि खालून गतिरोधकांना घासत," आई म्हणाली. ती खिडकीबाहेर पाहत होती. "बसायला फार खाली आहे ती. पत्रकात पाहिलं मी."

"आई! तू मघाशी तिच्याच बाजूने होतीस!"

"मघाशी मी रस्ता पाहिला नव्हता."

मधलीचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ती ऐकत होती. पूल ओलांडल्यापासून तिच्या कानांत काहीतरी खुपत होतं. बारीक, धातूचं, दर खड्ड्याला दोनदा. तिने मान हलवून कान वळवला.

"काका, तुमची ती टिकटिक. ती डॅशबोर्डमध्ये नाहीये. तुमच्या दारात आहे. खालच्या कप्प्याच्या मागे, कोपऱ्यात."

काकांनी कप्प्यात हात घातला, बोटं आत सरकवली, चाचपली. बाहेर आला तो एक पितळी स्क्रू, बोटाच्या पेराएवढा. "दोन वर्षं," काका म्हणाले. "दोन वर्षं मी हिला गॅरेजला नेतोय. मेकॅनिक म्हणाला, मनाचे खेळ आहेत."

"सतरा झाल्या परत," आई मागून म्हणाली.

काका इतके मोकळे हसले, की पुढच्या गतिरोधकाला त्यांचा पाय ब्रेक दाबायला विसरला.

*

केंद्र म्हणजे जुन्या दवाखान्याची एक बाजू होती. पायऱ्या, लांब ओसरी, चार खोल्या. मधलीने कुलूप काढलं. घरच्यांपैकी कुणीही तिचं कामाचं ठिकाण कधी पाहिलं नव्हतं, हे तिला त्या क्षणी जाणवलं. बारा वर्षांत तिने कधी बोलावलं नव्हतं, आणि त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

ताई पायरीवरच थांबली. "ती बाई इथेच बसली होती? पोराला घेऊन?"

"हो."

"चाळीस मिनिटं?"

"हो."

ताईने पदर सावरल्यासारखं करून पायरीवर बसून पाहिलं. ऊन थेट डोळ्यांवर येत होतं. उठली तेव्हा तिने फोन पर्समध्ये टाकला होता.

आत काकांना सगळ्यात जास्त रस होता तो तपासणीच्या खोलीत. खोलीच्या आत आणखी एक छोटी खोली, जाड भिंतींची, एका बाजूला काच. दार बंद केलं की बाहेरचा आवाज आत जात नाही. काकांनी दाराच्या जाड कडेवर हात फिरवला. "कोणी बनवलं? सुरेख बसवलंय."

"आत जाऊन बघा ना," मधली म्हणाली. "आई, त्यांना हात दे. उंबरा आहे."

आईने काकांच्या कोपराला धरलं आणि दोघं आत गेली. आत मुलांसाठी ठेवलेल्या दोन लहान खुर्च्या होत्या. दोघं त्यांच्यावर कशीबशी टेकली. दार आपल्या वजनाने बंद झालं.

"आणि इथे मी बसते," मधलीने ताईला काचेच्या अलीकडचं टेबल दाखवलं. सवयीने खुर्चीत बसली, सवयीने हेडफोन कानाला लावले, सवयीने खटका वर केला. आत माइक होता. मूल काय बोलतं, कसा हुंकार देतं, ते बाहेर ऐकू यावं म्हणून.

आईचा आवाज थेट तिच्या कानात आला, अगदी जवळून.

"भाऊजी, जे सांगितलं ते मी आजही सांगेन. पण साहेबांना सांगायच्या आधी मी तुमच्याकडे यायला हवं होतं. मी आले नाही. भ्याले."

मधलीचा हात खटक्यावरच होता. आईने आयुष्यात कशाला भ्यायल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं. पुढचं ऐकायची तिला इतकी इच्छा झाली, की बोटं क्षणभर तिचं ऐकेनात. मग तिने खटका खाली केला आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

काचेपलीकडे काका काहीतरी म्हणत होते. आईने मान हलवली. मग पुन्हा काका. मग आईने कोटाच्या खिशातून चुंबकाचं ते फडकं काढलं आणि डोळे पुसले, आणि फडक्याचं काळं तिच्या गालाला लागलं. काकांना ते दिसलं असणं शक्य नव्हतं. तरी त्यांनी खिशातून स्वतःचा रुमाल काढून पुढे केला.

"काय बोलतायत ते?" ताईने विचारलं.

"माहीत नाही."

"लाव की ते कानाला!"

"नको," मधली म्हणाली, आणि ते इतकं सरळ म्हणाली, की ताईने आयुष्यात पहिल्यांदाच हट्ट धरला नाही. कोचने बायकोकडे पाहिलं आणि टेबलावरचे हेडफोन उचलून वरच्या फळीवर ठेवून दिले.

दोघं बाहेर यायला बराच वेळ लागला. आईचा गाल काळा होता आणि नाक लाल. काका दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. "आत फार शांत आहे," ते म्हणाले. "आपलं आपल्यालाच ऐकू येतं."

"आई," मधली म्हणाली, "रस्ता पाहिलास. आता सांग."

आईने चष्मा रुमालाने पुसला. रुमाल काकांचाच होता. "मी सांगणार नाही," ती म्हणाली. "तू रोज जातेस. तूच सांग."

सगळे मधलीकडे पाहत होते. ताईने तोंड उघडलं आणि स्वतःच्याच हाताने झाकलं. चाकांच्या, दारांच्या, एअरबॅगांच्या सगळ्या गोष्टी मधलीच्या डोक्यातून एकदा फिरून गेल्या. ती लाल गाडी वाईट नव्हती. फक्त ती या रस्त्याची नव्हती.

"काका," ती म्हणाली, "दुसरी किल्ली कुठे असते?"

"अं?"

"गाडीला दोन किल्ल्या असतात ना. एक माझ्याकडे आहे. दुसरी?"

काकांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांची मान आपोआप तिरकी झाली, तिचा चेहरा नीट पाहायला. "काकूच्या शिवणाच्या डब्यात," ते म्हणाले. "रिळांच्या खाली."

"पण आज घरी पोचलो की चारही टायर नवे घातल्याशिवाय तू पुन्हा त्या पुलावर जायचं नाहीस," आई म्हणाली. "उद्या सोमवार आहे. सकाळी मीच नेते गाडी."

"उद्या मला साडेआठला इथे यायचंय."

"मग मी सहा वाजता टायरवाल्याचं दार वाजवते," आई म्हणाली आणि बाहेर चालू लागली. "भाऊजी, तुम्ही येताय ना? तो माणूस लबाड आहे. टायर हाताने तपासायला कुणीतरी हवं."